आजोळ शोधणारे हरिभाऊ

हरिभाऊ पाटील पुस्तक वाचत नसत, झटकत असत. वाचनालयात शिरले की सगळ्यात जुनी, जाडजूड कादंबरी मागून घ्यायची, दोन्ही पुठ्ठे धरून उलटी करायची आणि वाळत घालायच्या धोतरासारखी झटकायची. आतून काय काय पडे! एस.टी.ची तिकिटं, पिंपळाचं वाळलेलं पान, कुणाच्या तरी औषधाची चिठ्ठी. हरिभाऊंना हवी असे लग्नपत्रिका. वाचताना खूण म्हणून लोक हाताला लागेल ती पत्रिका पानांत घालतात आणि पुस्तक परत करताना विसरतात. त्या पत्रिकेत अख्खं गणगोत छापलेलं असतं. ग्रंथपाल हां हां म्हणत धावत आले की हरिभाऊ शांतपणे सांगत, "घाबरू नका साहेब. पुस्तक तुमचं, नातेवाईक आमचे."

प्रत्यक्षात ते नातेवाईक त्यांचे कधीच नसत.

हरिभाऊ बोईसरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते आणि सरावलीत आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहत. मूळचे मनोरकडचे. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न केलेलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. कारखान्यांमुळे बोईसरला चहूकडची माणसं येऊन पडली होती. कुणाचा चुलता हरवलेला, कुणाला मूळ गाव ठाऊक नाही. असा कुणी भेटला की हरिभाऊंच्या अंगात यायचं. रविवारी सकाळी डबा घेऊन ते त्याचं घराणं शोधायला निघत. शोधायचं ते वाचनालयातच, पण वाचनालय कुठलं निवडायचं याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं.

"कुठंपण घुसून चालत नाय," ते मला समजावत. "आधी पाणी मागायचं. 'सभासद आहात का?' असं विचारलं तर उलट्या पावली परत. 'कुठले तुमी?' असं विचारलं की बूड टेकायचं."

पालघरच्या एका वाचनालयाला नवा रंग दिलेला पाहून मी खूश झालो, तर हे दारातूनच मागे फिरले. "रंग दिला म्हणजे आधी माळा साफ केला. माळा साफ केला म्हणजे रद्दी विकली. नापास!" सकाळीच उघडणारं वाचनालयही नापास. दुपारची झोप काढून गावातले म्हातारे येतील असंच वाचनालय त्यांना हवं असे. "अर्धं गाव कपाटात असतं, अर्धं बाकड्यावर. बाकड्यावरलं जास्त बोलतं."

आणि एकाच वाचनालयावर विसंबायचं नाही. दुसऱ्या गावच्या बाकड्यानं दुजोरा दिल्याशिवाय ते कुणाला कुणाचा काका म्हणू देत नसत. एकदा दोन माणसं एकमेकांना मिठी मारून रडत असताना यांनी त्यांना सोडवलं होतं. का, तर दुसरं वाचनालय बाकी होतं.

आमच्या मंजूचं लग्न ठरलं तेव्हा मात्र काम आमच्याच घरात निघालं. नवरीला मंडपात आणायचं ते मामानं. माझ्या बायकोला, सुधाला, भाऊ नाही. ती एवढीशी असताना तिची आई गेली, वडिलांनी सासुरवाडीशी संबंध तोडला, आत्यानं तिला वाढवलं. आईचं नाव यमुना, आजोळ चिंचणीला आणि आजोबा बांगड्यांवर नक्षी उठवायचे ठसे करायचे, एवढीच तिची पुंजी.

"मानलेला भाऊ उभा करू की," मी म्हणालो.

"माझ्या आईच्या घरचं एक तरी माणूस माझ्या लेकीच्या मागे उभं राहू दे हो," सुधा म्हणाली. एवढं बोलून ती रडायलाच लागली. भिंतीपलीकडे हरिभाऊंनी ते ऐकलं असणार. रविवारी पहाटे ते डबा घेऊन आमच्या दारात हजर.

चिंचणीच्या वाचनालयात पाणी मिळालं, "कुठले तुमी?" हेही मिळालं. बाकड्यावरचे एक आजोबा म्हणाले, "ठसेवाल्यांची यमुना? मुंबईला दिलेली? चला, घर दाखवतो." मी तर हवेतच होतो. त्या घरी "तुमच्या यमुनेच्या माणसांकडून आलोय" म्हटल्यावर त्यांनी फारसं न विचारता आधी पानं मांडली. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. एक आजी आग्रह करून वाढत होत्या. पोटात चार घास गेल्यावर हरिभाऊंना गहिवर आला.

"यमुना फार लवकर गेली हो. सोन्यासारखी बाई."

आजींचा हात थांबला. "कोन गेली?"

"यमुना. तुमच्या घरची."

"मीच यमुना! मुंबईसून माहेरपणाला आली हाय. मेली कवा मी?"

हरिभाऊंचा घास वरच्या वर राहिला. तो ताटात ठेवून ते म्हणाले, "मग... तब्येत बरी हाय ना?"

आजी हसून हसून भिंतीला टेकल्या. सगळी हकिगत ऐकल्यावर मात्र कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे, लग्नात बाईचं नाव बदलतात. यमुना तिचं सासरचं नाव असंल. त्या नावानं तिला माहेरात कोन वळखनार? दोघं पुरुष शोधायला निघाले, आनखी काय होनार! जेवा आता गुमान."

हरिभाऊंनी एवढी घराणी जुळवली, पण हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग आम्ही तारापूरच्या वाचनालयात गेलो आणि नाव सोडून बाकी सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "ती कमळी. माझ्या बहिनीची मैत्रीण. लहान पोर मागं ठेवून गेली. एकच भाऊ होता तिला, तो पन मागल्या साली गेला. मूलबाळ नाय. घराला कुलूप हाय."

हरिभाऊ मला घेऊन पुन्हा चिंचणीला गेले, विचारलं. तेच उत्तर. ते कुलूपही पाहिलं. मग परतीची एस.टी. धरली.

सुधा दारातच उभी होती. कसं सांगावं या विचारात मी तोंड उघडतोय, तोच हरिभाऊ पुढे झाले.

"सापडलं, वहिनी. तुमच्या आईचं माहेरचं नाव कमळ. मामा गेले तुमचे, पण त्यांच्या घराण्याची एक पाती मनोरकडे आलेली. त्या पातीतला मी. नात्यानं तुमचा मामेभाऊ लागतो. आहेर-बिहेर माझ्याकडे लागला."

आयुष्यभर दुसऱ्या वाचनालयाशिवाय कुणाला काका म्हणू न देणारा हा माणूस, दोन वाचनालयांनी नाही म्हटलेलं नातं माझ्यासमोर धडधडीत सांगत होता. सुधानं पदर डोळ्यांना लावला.

लग्नात हरिभाऊ नवी टोपी घालून मंजूला घेऊन आले ते गाडी चुकत असल्यासारखे. भटजींना "जरा दमानं" म्हणावं लागलं. पण मंगलाष्टकं चालू असताना ते तिच्यामागे असे ताठ उभे होते की वरपक्षाकडचे चौकशी करू लागले, मामा पोलिसात आहेत का?

पाहुणे पांगल्यावर मला राहवलं नाही. "सुधा, तुला एक खरं सांगायचंय."

"मला त्याच दिवशी तुमच्या तोंडाकडे बघून कळलं होतं," ती म्हणाली. "आईचं नाव मिळालं, ते तर खरं ना? आणि एवढं खोटं बहिणीसाठी भाऊच बोलतो. तुम्ही त्यांना काही बोलायचं नाही."

त्या वर्षी भाऊबीजेला तिनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि भिंतीवर थाप मारून हरिभाऊंना बोलावलं. ते आले, पाटापर्यंत आले आणि तिथंच अवघडून उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस, टोपी कधी हातात घेई, कधी डोक्यावर ठेवी.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ओवाळून घेताना काय करायचं असतं, मला ठाऊक नाय. कधी कुणी ओवाळलंच नाय."

"काही करायचं नसतं, दादा," सुधा म्हणाली. "नुसतं बसायचं."

ते बसले आणि घळाघळा रडू लागले.