सोंगाडे पाटीस लोंबकळले त्याची हकीकत

हे लिहिणे सत्यास स्मरोन, आणि ज्यांनी तो प्रसंग फुकट पाहिला त्या तमाम रयतेस साक्ष ठेवोन. पुढील पिढ्यांनी म्हणो नये जे, एवढे रण माजले आणि कोणी दोन ओळी खरडल्या नाहीत.

ते समयी चित्रे हलत होती, परंतु बोलत नव्हती. ऐशा मुक्या चित्रांचे दौलतीत एक सोंगाडे होते. पडण्यात निष्णात, आपटण्यात अजिंक्य, नाकावर पीठ सांडोन घेण्यात केवळ अद्वितीय. त्यांचा नवा हास्यपट सिद्ध जाहला. परंतु मागील दोन पट सपशेल आपटले होते, म्हणोन चित्रगृहाचे मॅनेजरसाहेब, जाहिरातधुरंधर, यांनी मसलत केली आणि हुकूम फर्माविला जे, सोंगाड्यांनी भरदुपारी शिडीने चढोन चित्रगृहाचे तिसरे मजल्यावरील नावाचे पाटीस लोंबकळावे, आणि मग शिडी काढोन कुलपात टाकावी, म्हणजे रयतेस प्रसंग खरा वाटेल, आणि मग सोंगाड्यांनी बाजूचे खिडकीतून आत शिरावे, आणि मग लोकांनी तिकिटांवर तुटोन पडावे. मसलत नामी होती. फक्त शोभा यावी म्हणोन साहेबांनी आदले दिवशी दर्शनी भिंत रंगविली, आणि रंगारी हुकुमाचा ताबेदार, त्याने खिडकीचे फटींतही रंग भरला.

मग दुपारी सोंगाडे चढले आणि शिडी गेली. खाली रस्ता माणसांनी फुलला, सायकली थांबल्या, न्हाव्याकडील गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन धावले. सोंगाड्यांनी हवेत लाथा झाडल्या, टोपी पाडली, आणि मग खिडकीस हात घातला, तों खिडकी हलेना. खांदा लाविला, तरी हलेना. पाटीचा एक खिळा मात्र हलला.

येथे सोंगाडे खरोखरच अडकले. ऐशा वेळी मनुष्य ओरडतो. परंतु कंपनीचे दिग्दर्शकांचा कायदा ऐसा जे, मोठ्याने बोलता गळ्याच्या शिरा फुगतात आणि चेहरा बिघडतो, सबब शब्द ओठांवरच राहावा. वर्षानुवर्षांची ती शिस्त अंगात मुरली होती. बाका प्रसंग येता तोंड आपसूक उघडले, 'वाचवा' हा शब्द ओठांवर सुरेख उमटला, आणि आवाज काडीचा निघाला नाही. डोळे गरगरा फिरले, आणि रयत पोट धरोन हसली. जों जों प्राण कंठाशी आला, तों तों टाळ्या वाढल्या. मॅनेजरसाहेब कर्णा तोंडास लावोन गर्जत होते, "चेहरा बघा, मंडळी, चेहरा बघा!"

गर्दीत सोंगाड्यांची बायको उभी होती. नवरा घरीही सवयीने ओठांनीच चहा मागत असे, म्हणोन तिजला अक्षर न् अक्षर वाचता आले आणि ती गर्दीस ओरडोन म्हणाली,

"अहो, हसताय काय! ते खरंच वाचवा म्हणतायत! शिडी आणा कुणीतरी!"

शेजारील एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "वा वहिनी! तुम्हीपण कंपनीच्याच का? काय झकास रडता हो!" आणि मग तिजसही टाळ्या पडल्या.

तितक्यात एक खिळा निखळोन रस्त्यावर पडला. बाई समजोन चुकल्या जे, खरे सांगोन या फौजेपुढे निभाव लागणे नाही. मग त्यांनी साहेबांचे हातचा कर्णा हिसकावला आणि ललकारल्या, "मंडळी, खरी धमाल आता! जो पहिली शिडी आणेल, तो पुढच्या चित्रात हिरो!"

मग काय विचारता! कुलूप फुटले, रंगाऱ्याची शिडी आली, विजेच्या तारा ओढणाऱ्यांची आली, न्हावी आपले स्टूल घेऊन आला. भिंतीवर एकाच वेळी इतक्या शिड्या लागल्या जे, सोंगाड्यांस निवड करणे मुश्कील जाहले. ते उतरले आणि मागोमाग पाटी कोसळली. बायकोने नवऱ्याचा सदरा घट्ट धरला, पाठीत एक धपका घातला आणि ओक्साबोक्शी रडली. रयतेने पुन्हा टाळ्या दिल्या.

मॅनेजरसाहेब मिठी मारावयास धावले. "बेफाट! उद्या पुन्हा, याच वेळेला!"

सोंगाड्यांनी तोंड उघडले. गळ्याच्या शिरा फुगल्या, चेहरा साफ बिघडला, आणि रस्त्याचे पलीकडील टोकास ऐकू जाईल ऐसा आवाज निघाला, "उद्या तुम्ही चढा!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ऐसे नमूद असावे. त्या दिवशीचे खेळास सोंगाडे आणि त्यांचे कुटुंब यांखेरीज कोणी आले नाही, कारण रयतेचे पोट रस्त्यावरच भरले होते. पडद्यावरील सोंगाडे छपरावरून घसरले, तेव्हा रिकाम्या खुर्च्यांत बायकोने शेजारील खऱ्या सोंगाड्यांचा हात धरला, आणि चित्र संपेपर्यंत सोडला नाही.