बाळारामशेठचं अंदमान

बाळारामशेठकडे खोली भाड्याने मागायला गेले, तर त्यांनी मला आधी झोपाळ्यावर बसवलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हातातली पिशवी काढून घेतली, "घट्ट धरा बाई," म्हणाले आणि घड्याळ बघत चांगली पंधरा मिनिटं झोके देत राहिले. अंबाडीच्या नाक्यावरून एसटीत उभ्याने आलेली मी. मनात म्हटलं, माणूस ठार वेडा आहे, खड्ड्यात गेली ती खोली. झोपाळा थांबवून त्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं.

"मळमळतंय?"

"राग आलाय," मी म्हटलं.

"राग चालंल. खोली तुमची. तुमाला बोट लागत न्हाय."

त्र्याहत्तर साली मी भिवंडीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हाची ही गोष्ट. कुणाला बोट लागते आणि कुणाला नाही, हा शेठचा अभ्यासाचा विषय होता. पोस्टमन, विम्याचा एजंट, सुताचा दलाल, जो उंबरा ओलांडेल तो झोपाळ्यावर. कारण शेठना सगळं कुटुंब घेऊन अंदमानला जायचं होतं. नवससायास काही नाही, नुसती हवा खायला! दोन मुलगे, दोन सुना, लेक, जावई, पाच नातवंडं आणि स्वतः शेठ, अशी बारा माणसं.

"काळ्या पाण्यावर? काय गुन्हा केलात शेठ?" असं गल्लीत प्रत्येकाने एकदा तरी विचारलेलं होतं.

"काळं पाणी हितंच हाय, आमच्या खाडीत," शेठ म्हणत. "तिकडं निळं हाय."

खारबावकडच्या खाडीत चिंबोऱ्या-खेकडे पकडत वाढलेला हा माणूस. भिवंडीत येऊन बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, मालक झाला, पण निळं पाणी त्याने फक्त सूतवाल्याच्या कॅलेंडरवर पाहिलेलं. पांढरी वाळू, वाकलेला माड. ते कॅलेंडर तीन वर्षं जुनं झालं तरी भिंतीवरून उतरलं नव्हतं. तारीख बघायला शेठ माझ्या खोलीत येत.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला वसंत नाशिकला, धाकटा पुण्याला, लेक पनवेलला. घरात शेठ एकटे आणि शेजारच्या शेडमध्ये लूमची खडखड. शुक्रवारी सगळ्या भिवंडीचे लूम बंद, तेव्हा तर घर खायला उठायचं. त्या दिवशी शेठ माझ्या दाराशी चार चकरा मारत. "बाई, काडेपेटी हाय?" घरात काडेपेट्यांचा डबाच होता, मला माहीत होतं. मीही देत असे.

वर्षातून दोनदा मात्र अंदमानच्या बेताची मीटिंग भरे. मुलांना सुट्टी रविवारची, म्हणून शेठ रविवारीही लूम बंद ठेवत. नवा कारागीर जुन्याला विचारी, "आज क्या है, त्योहार है?"

"नहीं रे, सेठ का अंडमान है।"

मंडळी सकाळच्या एसटीने येत. शेठ मी शाळेतून आणलेला देशाचा नकाशा खाटेवर पसरत आणि ड्युट्या वाटत. थोरल्या सुनेकडे लिंबाचं लोणचं, धाकटीकडे औषधं, जावयाकडे सामान मोजणं. नातवंडांना नियम तोंडपाठ. नियम पहिला, माडाखाली झोपायचं न्हाय. नियम दुसरा, मगर दिसली तर आधी आजोबांना सांगायचं. मग अकरा जणांना एका खोलीत आडवं करून बोटीत कसं झोपायचं त्याची तालीम. कोण खिडकीशी, कोण वरच्या फळीवर, यावरून चाळिशीचे दोन भाऊ हमरीतुमरीवर येत आणि शेठ खांबाला टेकून हसत असत. मीटिंग संपताना पोरं एका सुरात ओरडत, "बेत पक्का, तारीख कच्ची!" ती शेठनीच शिकवलेली घोषणा.

तारीख पक्की का होत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी पडले मास्तरीण. अर्धवट गणित दिसलं की माझा हात शिवशिवतो. एकदा मध्येच अधिक महिना आला. एकदा नातवाचे दात. एकदा तर "बोटीवरला आचारी माशात खोबरं घालत न्हाय, असं ऐकलंय" एवढ्यावरून सहा महिने पुढे ढकललं. मला वाटलं, म्हातारा अडाणी आहे, तिकिटं कशी काढायची ते याला ठाऊक नाही, आणि लाजेपोटी सांगत नाही.

माझा मामेभाऊ मुंबईत बोटींच्या तिकिटांचं काम करणाऱ्या कचेरीत होता. मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. मद्रासहून सुटणाऱ्या बोटीत मे महिन्यात बारा जागा त्याने राखून ठेवल्या, फक्त होकार कळवायचा. पत्र घेऊन मी मिरवत शेठकडे गेले. पुढच्याच रविवारी मीटिंग होती.

शेठनी पत्र वाचलं. परत वाचलं. मग त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"कोनी सांगितलं होतं तुमाला?" ते ओरडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच. मीही तडकले. म्हटलं, भल्याचे दिवस नाहीत शेठ, लोक पाया पडले असते माझ्या.

ते खाटेवर बसले. पत्राची घडी घातली.

"बाई, ही गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला टायफॉईड झाला. तिघांना पत्रं घातली. तिघांची उत्तरं आली, चांगल्या डॉक्टरला दाखवा. गणपतीला बोलावलं, रजा न्हाय. वज्रेश्वरीच्या जत्रेला बोलावलं, पोरांची परीक्षा. मग एक दिवस कॅलेंडर बघून लिवलं, सगळे मिळून अंदमानला जाऊ, बेत ठरवाया या. आनि आली बाई! सगळी आली, पोराबाळांसकट. त्या दिवशी पहिल्यांदा या घरात दोन पायल्या तांदूळ शिजला."

"मग आता खरंच जा की. पंधरा दिवस एकत्र राहाल."

"येतील?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मे महिन्याचं ठरवलं की ज्याला यायचं न्हाय त्याला न्हाय म्हनावं लागंल. एकदा न्हाय म्हनलं की लाजंनं हितं बी यायची न्हाईत. येतील का न्हाय मला ठाऊक न्हाय बाई. आनि मला ठाऊक करून घ्यायचं बी न्हाय."

माझी मलाच लाज वाटली. पाच वर्षं एका भिंतीपलीकडे राहून मी या माणसाला येडगळ समजत होते.

रविवारी मंडळी आली. जेवणं झाली. नावांच्या यादीसोबत मी वसंतचा पत्ता दिला होता, म्हणून बारा जागा मिळतील असं दिसतंय, हे मामेभावाने त्याला परस्पर कळवलं होतं. नकाशा पसरण्याआधीच वसंतने घसा साफ करून विचारलं, "बाई, त्या मे महिन्याच्या तिकिटांचं काय झालं?"

धाकटा बायकोकडे बघायला लागला. शेठ नकाशाची घडी उलगडत होते, ते तसेच थांबले.

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते. पण त्या दिवशी खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही हो मिळाली. बोट आधीच भरली म्हणे. पुढच्या वर्षी बघू."

आणि मी पाहिलं. वसंतने डोळे मिटून श्वास सोडला. धाकट्याने हळूच पानाचा डबा पुढे ओढला. जावई तर चक्क हसला. एकेकाला धरून खडसावावंसं वाटलं मला. पण मी कोण? भाडेकरू.

मग मीटिंग रंगली. वरच्या फळीवरून भांडण झालं, पोरांनी मगरीचा नियम म्हणून दाखवला. संध्याकाळी शेठ सगळ्यांना एसटीत बसवून आले आणि माझ्या दारात उभे राहिले. काडेपेटी मागितली नाही.

"बोट भरली म्हनल्यावर," ते म्हणाले, "पोरांना लई वाईट वाटलं ना बाई?"

"फार," मी म्हटलं. "वसंतला तर सगळ्यात जास्त."