अर्धा सेंटिमीटर

नातीची उंची मोजायला भिंतीला टेप लावली होती. तिची मोजून झाल्यावर सासरे सहज उभे राहिले, आणि त्यांच्यामागून पाहुणे म्हणून आलेले त्यांचे धाकटे भाऊ, काका. सुनेने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. काका अर्धा सेंटिमीटर उंच निघाले.

"टेप बिघडलीय," सासरे म्हणाले.

"टेप कशी बिघडेल, दादा? तूच आटलायस. उद्या फोटोत मागं मधोमध मी!"

घरच्या प्रत्येक फोटोत सर्वांत उंच माणूस मागच्या रांगेत मधोमध, हा शिरस्ता सासऱ्यांनीच घातला होता. चाळीस वर्षं ती जागा त्यांची होती. त्यांचा चेहरा पाहून सुनेला राहवलं नाही. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची.

"बाबा, तुम्ही दिवसभर बागेत उभे होतात, काका दुपारभर झोपले," ती हळूच म्हणाली. "उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, आडवं झालं की फुगतात. सकाळी प्रत्येक जण सेंटिमीटरभर जास्त उंच असतो."

"फोटोग्राफर कधी येणार?"

"उद्या चार वाजता."

"मग मी चारलाच उठेन."

दुसऱ्या दिवशी ते खरंच उठले नाहीत. सुनेने वाकून चमच्याने चहा पाजला, मुलाने त्यांची पडल्यापडल्याच दाढी केली.

"बाळंतपणात मला या घरानं चौथ्या दिवशी चुलीपुढं उभं केलं होतं," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

खिडकीतून शेजारणीने हे दृश्य पाहिलं आणि दहाच मिनिटांत गल्लीतले डॉक्टर दारात हजर झाले.

"आजोबा, काय होतंय?"

"काही नाही."

"कधीपासून काही नाही होतंय?"

एवढ्यात काका धावत आले. डोळे भरलेले. "दादा, कालचं मनाला लावून घेतलंस का रे? तूच उभा राहा मधोमध, पण ऊठ!"

सासऱ्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. सुनेला ते बघवेना. तिने काकांना चकत्यांचं सगळं सांगून टाकलं. काकांनी डोळे पुसले आणि शेजारच्या पलंगावर आडवे झाले.

"वहिनी, उशी नको हं. मान वाकते."

चार वाजता फोटोग्राफर आला. दोघे भाऊ एकदमच ताडकन उठले. फार वेळ पडून एकदम उठलं, तर रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मात्र सुनेने सांगितलं नव्हतं. दोघेही डुलले. मुलाने घाईने दोन खुर्च्या पुढे सरकवल्या.

"छान! वडीलधारे पुढं बसूनच शोभतात," फोटोग्राफर म्हणाला. "आता सर्वांत उंच कोण? ताई, तुम्ही. मागं, मधोमध!"

गेली बारा वर्षं सून प्रत्येक फोटोत पुढे सतरंजीवर, कुणाचं तरी मूल मांडीवर घेऊन बसत आली होती. आता ती मागे जाऊन उभी राहिली. नवऱ्याचं डोकं तिच्या कानापाशी आलं. सासऱ्यांनी मान वळवून वर पाहिलं.

"ही कधी एवढी वाढली?"

"घरात आली तेव्हापासून एवढीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आज पहिल्यांदा खालून बघताय."