द्वारकाकाकू पाणी चाखतात

आमच्या देवासच्या गल्लीतल्या द्वारकाकाकूंना कुठलंही पाणी दाखवा, त्या आधी त्यात बोट बुडवायच्या आणि ते बोट जिभेवर ठेवायच्या. मग आमटीची चव घेणाऱ्या आचाऱ्यासारखे डोळे बारीक करून क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या, "आळणी!"

नदी, तळं, विहीर, कुंड, कशालाही माफी नव्हती. एकदा सोमवती अमावास्येला आम्ही उज्जैनला गेलो होतो. क्षिप्रेच्या घाटावर पंड्यानं संकल्पासाठी काकूंच्या ओंजळीत पाणी घातलं. काकूंनी ते चाखलं आणि म्हणाल्या, "आळणी." पंड्याला शब्द कळला नसावा, पण चेहरा कळला. तो म्हणाला, "माताराम, तीरथ है, दाल नहीं है."

"वोही तो," काकू म्हणाल्या. "दाल होती, तो मैं नमक डाल देती."

काकू मूळच्या कोकणातल्या, हर्णैच्या. लग्न होऊन देवासला आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. त्यांच्या यजमानांचं, नानाकाकांचं, घराणं शिंप्याचं. मराठी फौजेबरोबर माळव्यात आलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या दरबारचे अंगरखे शिवणारं. तर ही नवी नवरी घरात आली आणि चौथ्या दिवशी नणंद तिला म्हणाली, "चल वहिनी, तुला मीठा तलाव दाखवते."

आता देवासात मीठा तलाव म्हणजे गोड्या पाण्याचा तलाव, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हर्णैच्या मुलीला हिंदी कुठून येणार? तिनं ऐकलं, मिठाचा तलाव! डोक्यावरचा पदर सांभाळत ती नवरी धावत सुटली. काठाशी बसली, ओंजळ भरली, घोट घेतला आणि तिथंच भोकाड पसरून रडू लागली. नणंद घाबरली. तिला वाटलं, वहिनीला काहीतरी चावलं.

"त्या दिवशी मला कळलं गो," काकू सांगायच्या, "या मुलखात मिठाच्या नावातसुद्धा मीठ नाही."

नानाकाकांनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नसुद्धा मध्यस्थाच्या गावी, घाटावर झालं होतं. समुद्राविषयी त्यांच्या शंका धंद्याला धरून असत.

"रुंदी किती म्हणतेस?"

"अहो, पलीकडचा काठच दिसत नाही."

"मग माप कसं घेतलं?"

"माप कोण घेतं समुद्राचं!"

"बरं. आणि पाणी दिवसातून दोनदा येतं नि जातं?"

"हो."

"कोण सोडतं?"

यावर काकू कपाळाला हात लावायच्या आणि नानाकाका शांतपणे मशीन फिरवायला लागायचे. पंचवीस वर्षं हा संवाद चालला होता आणि नानाकाकांना अजून तो नळ सोडणारा माणूस सापडला नव्हता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. दरबारचे अंगरखे संपले होते आणि नानाकाका शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या शिवत होते. काकू मला 'मास्तरीण' म्हणायच्या. वैशाख लागला, शाळेला सुट्टी पडली, की त्या सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. "मास्तरीण, काढ तुझा नकाशा. यंदा कुठलं पाणी?"

दर वैशाखात काकू गल्लीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन सहली काढायच्या. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, कैरीचं पन्हं आणि एक मोठी काळी छत्री. छत्री उन्हासाठी नव्हे. पाण्याकाठी बसलं की काकू ती समोर तिरपी धरायच्या, म्हणजे पलीकडचा काठ झाकला जाई.

"बघ, आता नाही दिसत काठ," त्या म्हणायच्या. "आता जरा बरं वाटतं."

एका वर्षी मी नकाशात धारजवळ 'मुंज सागर' वाचलं. सागर! काकूंनी त्याच आठवड्यात मोटारीची चौकशी केली. इंदूरला मोटार बदलून, धूळ खात आम्ही धारला पोचलो. टांगेवाल्यानं तळ्यापाशी नेऊन सोडलं. तळं देखणं होतं, कमळं होती, वारा होता. काकूंनी बोट बुडवलं. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहत उभ्या.

"आळणी. आणि म्हणे सागर!"

टांगेवाला म्हणाला, "बई, असली सागर तो मांडव में है. सागर तालाब." पुढच्या वर्षी मांडव. तिथं लोक महाल पाहायला जातात. काकूंनी महालांकडे पाठ केली, थेट सागर तलाव गाठला आणि परत येताना म्हणाल्या, "या धारवाल्यांना शब्द फुकट मिळालेत वाटतं."

डोंगरही सुटले नाहीत. देवीच्या टेकडीवर काकू ऐन दुपारी चढायच्या, अनवाणी, आणि आम्हाला ओढत न्यायच्या. वरून खाली पाहिलं, की तापलेल्या माळावर लांबवर पाणी लकाकल्यासारखं दिसायचं. काकू टक लावून बघायच्या. "हे एकच पाणी असं," त्या मला म्हणाल्या, "की त्याला नावं ठेवता येत नाहीत."

मग एका वैशाखात हरीबाई आमच्यात आली.

फाळणीनंतर बरीच सिंधी कुटुंबं देवासला आली होती. हरीबाईचा नवरा होतूमल हातगाडीवर बटणं, रिळं, नाड्या विकायचा. नानाकाका त्याचं गिऱ्हाईक. एकदा त्यांनी घरी येऊन सांगितलं, "होतूमलची बायको नुसती खोलीत बसून असते. बोलत नाही. तुझ्या त्या वरातीत घे तिला." काकू लगेच दोन गल्ल्या ओलांडून गेल्या. काय बोलल्या कोण जाणे, पण सहलीच्या दिवशी हरीबाई पापडांचा डबा घेऊन मोटारतळावर उभी होती. चाळिशीची, उंच, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

त्या खेपेला काकूंनी फार लांबचा बेत आखला होता. नर्मदेवरचा धाराजीचा धबधबा. हाटपिपल्यावरून बागलीपर्यंत मोटार, तिथं धर्मशाळेत मुक्काम आणि सकाळी जंगलात लाकूड आणायला जाणारी एक लॉरी. लॉरीवाला आधी नाही म्हणत होता. काकूंनी त्याला दोन दशम्या खायला घातल्या. "भिया, ओझं समज आम्हाला. लाकडंच आहोत आम्ही, फक्त बोलणारी."

लॉरीतून उतरून आम्ही सागाच्या झाडांतून चालायला लागलो. नदी दिसायच्या आधीच आवाज यायला लागला. खोल, न थांबणारा. काकू एकदम उभ्या राहिल्या.

"गाज!" त्या म्हणाल्या. "मास्तरीण, समुद्राची गाज अशीच असते."

धबधब्यापासून दूर, सावलीच्या खडकावर आम्ही बसलो. काकूंनी पाणी चाखलं. पुण्यवान पण आळणी, असा निकाल लागला. मग त्यांनी दरवर्षीचं व्याख्यान सुरू केलं. लाटा, होड्या, पुळणीवरचे शिंपले, भरतीच्या वेळी दारापर्यंत येणारं पाणी. बायका चटणी वाटून घेत मान डोलवत होत्या. तेवढ्यात हरीबाई हळूच म्हणाली, "हमारे यहाँ भी ऐसी आवाज़ आती थी. कराची में."

काकू थांबल्या. पंचवीस वर्षांत माळव्यात समुद्रावर त्यांच्याशिवाय कुणी बोललं नव्हतं.

"कराची में समुद्र है?"

"है न."

"कितना बड़ा?"

"दूसरा किनारा नहीं दिखता, बई."

काकूंच्या चेहऱ्यावर दुसरं दुकान उघडलेलं पाहणाऱ्या दुकानदाराचा भाव आला. "नारियल के पेड़?"

"नारियल... उतने नहीं."

"हां!" काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या. "नारळ नाहीत."

"लेकिन ऊँट हैं. बच्चे ऊँट पर बैठकर पानी तक जाते थे."

"उंट?" काकूंचा आवाज चढला. "वाळूवर उंट? अगो, समुद्रावर उंटाचं काय काम?"

सगळ्या हसल्या. हरीबाईसुद्धा हसली. ती हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिली. हा सामना बराच वेळ रंगला. मासे, वारा, सूर्य कुठे बुडतो, कुणाच्या लाटा उंच. शेवटी हरायची वेळ आली तेव्हा काकूंनी हुकमाचा पत्ता टाकला. "ते जाऊ दे. मैं तो कभी भी जा सकती हूँ. गाड़ी में बैठी, कि हर्णै."

"तो जातीं क्यों नहीं?" हरीबाईनं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

 काकूंनी उगीच दशमीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला.

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आई गेली," त्या म्हणाल्या. मग हरीबाईसाठी हिंदीत. "माँ गई. फिर बाप. भाऊ मुंबईला गेला, त्यानं कधी पत्र धाडलं नाही. बुलावा नहीं आया, बई. बुलावे के बिना पीहर नहीं जाते."

त्या क्षणी मला कळलं, की काकूंच्या सहली वैशाखातच का असतात. वैशाखात गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी जातात. त्या दिवसांत मागे उरतात त्या आम्ही. ज्यांना कुणी बोलवत नाही, त्या बायकांना काकू दशम्या बांधून पाणी दाखवायला न्यायच्या. इतक्या वर्षांत हे मला दिसलं नव्हतं. मला वाटायचं, बाई हौशी आहे.

हरीबाई म्हणाली, "मेरा तो बुलाने वाला भी नहीं रहा. और गाँव भी नहीं."

 मी भूगोलाची मास्तरीण, मला भूगोलच सुचला. "काकू," मी म्हटलं, "कराचीचा समुद्र आणि हर्णैचा समुद्र एकच आहे. अरबी समुद्र. नकाशात सलग आहे."

"सलग? मध्ये काही नाही?"

"काही नाही."

 काकूंनी हरीबाईच्या गुडघ्यावर थाप मारली. "मग उंटवाले, तू माझ्या गावचीच की गो!"

आठवड्याभरात काकूंनी नानाकाकांना कोट घालायला लावला, डोक्यावर पगडी ठेवली आणि टांगा करून त्यांना दोन गल्ल्या पलीकडे धाडलं. मुराळी म्हणून. लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. "होतूमलच्या दारात काय बोलू?" नानाकाका विचारत होते. "काल त्याच्याकडून बटणं घेतली, आज बायको मागू?"

"म्हणा, माहेरचं बोलावणं, मूळ आलंय. बहिणीला चार दिवस माहेरपणाला न्यायचंय."

हरीबाई खरंच आली, गाठोडं घेऊन. चार दिवस तिला काकूंनी काडी उचलू दिली नाही. न्हाऊ घातलं, वेणी घातली, पुरणपोळी केली. निघताना खणानारळानं ओटी भरली. नानाकाकांनी तिच्या मापाचं पोलकं शिवून दिलं. गल्लीतल्या काही जाणत्या बायकांनी नाकं मुरडली. "सिंधिणीचं माहेर मराठ्याकडे, असो कंई होवे? असं कधी होतं का?" काकूंनी त्यांना सांगितलं, "माझ्या गावची आहे."

पुढच्या वैशाखाची गोष्ट. सकाळची वेळ होती. काकू त्यांच्या ओट्यावर बसून माझ्या नकाशावर बोट फिरवत होत्या. दारात टांगा थांबला. आतून होतूमल उतरला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात बत्ताशांचा पुडा. तो फार लाजला होता.

"बई," तो म्हणाला, "लेने आया हूँ. हरी ने कहा है, बहन को पीहर ले आओ."

  काकूंनी पदरानं हात पुसले. ते कोरडेच होते. मग आत वळून, मशीनवर बसलेल्या नवऱ्याला त्यांनी चौदा वर्षांच्या मुलीच्या आवाजात विचारलं, "अहो, जाऊ का?"

नानाकाकांनी मशीन थांबवलं. "जा. चार दिवसांत ये मात्र. जास्त राहू नकोस." मग ते उठले आणि काकूंची पत्र्याची पेटी स्वतः उचलून टांग्यात ठेवली.

काकू आत जाऊन लग्नातलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. ते जरा आखूड वाटत होतं. टांग्यात बसल्यावर त्यांनी एकदा घराकडे पाहिलं आणि नव्या नवरीसारखं तोंड पदरात लपवून रडून घेतलं. होतूमल घाबरून माझ्याकडे बघत होता.

टांगेवाल्यानं घोडा वळवला. होतूमलची खोली टांग्यानं दोन मिनिटांवर. काकूंनी पदर बाजूला करून टांगेवाल्याच्या पाठीवर बोटानं टोचलं.

"भिया," त्या म्हणाल्या, "जरा लांबून घे. माहेर इतकं जवळ नसतं."