बिशप तळघरात

ट्रूडा न्याहारीच्या पावाला लोणी लावत होती, तेव्हा तळघरातून एक लांबलचक उसासा ऐकू आला. मागोमाग पाणी सांडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. तिचा नवरा आलोइस कोझुबेक खाली जाऊन आला तेव्हा त्याची टोपी हातात होती.

"गेला," तो म्हणाला.

"कोण?"

"बॉयलर. पोटातच फुटला."

पोलंडात रिब्निकच्या बाजूला ऐन डिसेंबरात, अख्खं घर तापवणारा कोळशाचा बॉयलर जाणं म्हणजे घरातलं कर्तं माणूस जाण्यासारखंच. फरक इतकाच की माणूस गेल्यावर शेजारी निदान गरम सूप तरी आणून देतात.

ट्रूडाचा लोण्याचा हात थांबला नाही. "शनिवारी आपली पोरगी येतेय, सबिना, जर्मनीहून. बाळाला घेऊन. तोवर घर तापलं आणि नळाला कढत पाणी आलं, तर बाळ आपल्याकडे. नाहीतर गिंटरदादाकडे. गारठलेल्या घरात मी तान्हं लेकरू ठेवणार नाही, सांगून ठेवते."

गिंटर हा ट्रूडाचा थोरला भाऊ, विधुर, आणि दुर्दैवाने शेजारी. खाणीने बांधलेली ही जुळी घरं: छप्पर एक, मधली भिंत एक, त्या भिंतीतून वर जाणारं धुराडंही एकच. अर्ध्यात हे दोघं, अर्ध्यात तो. आलोइसने उभा जन्म जमिनीखाली कोळसा फोडला आणि गिंटरने उभा जन्म वर यंत्रघरात बसून खाणीत उतरणाऱ्या कामगारांचा पिंजरा वर-खाली केला. खालून घंटेचे ठोके द्यायचे: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली सोड. गिंटर मुकाट्याने ऐकायचा. जमिनीखालच्या माणसाला जमिनीवरच्या माणसाबद्दल जेवढा आदर असतो तेवढाच आलोइसला मेव्हण्याबद्दल होता, म्हणजे नव्हता. पहिलीवहिली नात त्या ऊन खाल्लेल्या माणसाच्या घरी झोपणार, हा विचारच त्याला गिळवेना.

तो तडक बॉयलरच्या दुकानात गेला.

"घर केवढं आहे?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"गिंटरच्या घराएवढंच."

"गिंटर कोण?"

"त्याच्याकडे वीस किलोवॅटचा आहे," आलोइस म्हणाला, आणि यात सगळं आलं असं त्याला वाटलं.

"जुळं घर ना? सोळा पुरे. वीस म्हणजे चैन झाली."

आलोइसने बाईंकडे दयेने पाहिलं, आणि तेवढ्यात त्याला कोपऱ्यातला तो दिसला. काळसर जांभळा, रुंद खांद्यांचा, छातीवर पितळी तापमापक मिरवत भिंतीला पाठ लावून उभा होता. बाकीचे बॉयलर त्याच्यापुढे चर्चच्या वेदीवर सेवा करणाऱ्या पोरांसारखे दिसत होते. आलोइसची टोपी कधी हातात आली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने दार उघडून आत डोकावलं. आत खोल, गार काळोख होता.

"देव भलं करो," खाणीत उतरताना म्हणतात तसं तो आपसूक म्हणाला. आतून ते शब्द त्याच्यापेक्षा भारदस्त आवाजात परत आले.

"मॉडेलचं नाव बिशप," बाई मागून म्हणाल्या. "चाळीस किलोवॅट. पण काका, तो शाळेसाठी आहे. इतका मोठा बॉयलर मंद जळत नाही."

"बाई, थोराड बैल सावकाश चालू शकतो. वासराला मात्र नांगर ओढवत नाही."

"बैल चालेल सावकाश. हा नाही चालणार."

पण आलोइसच्या कानात अजून तो प्रतिध्वनी घुमत होता.

बिशप ट्रकमधून उतरला तेव्हा गल्लीतली माणसं रस्त्याच्या कडेला आली. आलोइसने बॉयलर मापला होता, तळघर मापलं होतं, धुराडं मापलं होतं. तळघराचं दार मापलं नव्हतं. यात वेंधळेपणा नव्हता, सवय होती: खाणीत दार कुणी मापत नाही. खाणीत यंत्र आधी येतं, आणि मग त्याला जाईल एवढी वाट फोडतात.

दार वीतभर अरुंद निघालं.

"दाजी," कुंपणापलीकडून गिंटर म्हणाला, "त्याला अंगणातच राहू दे. आपण बाग गरम करू."

"तू तुझी घंटा सांभाळ."

"आता वाजवतंय कोण? बाळाचा पाळणा मात्र मी पुसून ठेवलाय हां. नंतर घाई नको."

या पाळण्याने आलोइसच्या वर्मी घाव बसला.

संध्याकाळपर्यंत बिशपवर बर्फाची पांढरी टोपी चढली आणि तो आणखीच पूज्य दिसू लागला. येणारेजाणारे थांबून त्याच्या पोलादावरून हात फिरवत. घरोघरी आशीर्वाद द्यायला निघालेला तरुण पाद्री सवयीने त्याच्यावरही तीर्थ शिंपडून गेला. रुफिन आणि झेफ्लिक हे आलोइसचे खाणीतले जुने साथीदार बिशपभोवती फिरून वितीने माप घेत राहिले.

"भिंत फोडू," शेवटी झेफ्लिक म्हणाला.

"दाराच्या दोन्ही बाजूंवर घर उभंय, लेका. मागची भिंत फोडता येईल, पण ती जमिनीखाली आहे," आलोइस म्हणाला.

"मग चर खणू."

"वर ट्रूडाचे गूसबेरीचे ताटवे आहेत. तिने सांगितलंय, एका झुडपाला धक्का लागला तर मी तुमच्यासकट चर बुजवेन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पेन्शनीत गेल्यापासून असा उजेड त्यांच्या डोळ्यांत कुणी पाहिला नव्हता.

"बोगदा," रुफिन हळूच म्हणाला.

पुढचे दिवस गल्लीला विसरता येणार नाहीत. माळ्यावरून खाणीतली शिरस्त्राणं खाली आली. बोगद्याच्या तोंडाशी खाणकामगारांची राखणदार संत बार्बरा हिची तसबीर टांगली गेली. अंगणाच्या उताराकडून सुरुवात करून म्हातारे ताटव्यांखालून तिरपे आत सरकत होते, लाकडी टेकू ठोकत होते आणि एकमेकांना अशा शिव्या घालत होते की ऐकणाऱ्याला ते पुन्हा पंचविशीत आलेत असं वाटावं. ट्रूडा दुपारी आंबट सूप आणि चरबी लावलेला पाव घेऊन यायची आणि वाकून विचारायची, "आत कोण आहे?"

"तीन नंबरची पाळी!"

"पाळीला सांगा, पाय पुसून घरात यायचं."

शुक्रवारी तळघराची भिंत फुटली ती नेमकी हवी तिथे. वर एकही झुडूप हललं नव्हतं. लाकडी रुळांवरून बिशप सावकाश, मागे झुकून खाली उतरला. तिन्ही म्हातारे टोप्या काढून बाजूला उभे राहिले. कुंपणावरून बघणाऱ्या गिंटरनेसुद्धा टोपी काढली. काही गोष्टींपुढे टोपी आपसूक उतरते.

शनिवारी सकाळी पाइप जोडून झाले आणि आलोइसने आग लावली.

बिशपने आधी घसा खाकरला. मग जाळीखालून असा गंभीर घोष उठला की खिडक्यांच्या काचा साथ देऊ लागल्या. सबिना बाळाला घेऊन दारात उतरली तेव्हा घर उबदार होतं. तिने कोट काढला तेव्हा गरम होतं. केक कापेपर्यंत केकवरचं क्रीम ताटलीत उतरलं होतं.

"बाबा, जरा कमी करा ना."

आलोइसने खाली जाऊन झडप लावली. बिशप घुमतच राहिला. शाळा तापवायला जन्मलेला तो, पाच खोल्या त्याच्या दातांत अडकण्याइतक्याही नव्हत्या. वर रेडिएटर खडखडू लागले. मदर मेरीपुढची मेणबत्ती न पेटवताच वाकून नमस्कार करू लागली. बॉयलरचं पाणी उकळू नये म्हणून ट्रूडा नळ सोडून बादल्यांवर बादल्या कढत पाणी काढत होती. खिडक्या सताड उघडल्या, तर एका बाजूने बर्फ आत येई आणि दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत पाणी होऊन पडे.

"पण उबदार आहे की नाही?" आलोइस घाम पुसत म्हणाला.

"बाबा, ती शेंदरासारखी लाल झालीय!" सबिनाने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "मी मामाकडे जाते."

"या बादल्याही तिकडेच घेऊन जाऊ," ट्रूडा म्हणाली. "तिथे आंघोळ तरी होईल तिची."

आलोइस बनियनवर खुर्चीत बसून राहिला. भिंतीपलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बाळाचं खिदळणं. पाणी त्याचं, टब गिंटरचा.

रविवारी जेवण अर्थातच गिंटरकडे होतं: रोलाडा नावाच्या मांसाच्या गुंडाळ्या, खळी पाडलेले बटाट्याचे गोळे, जांभळा कोबी. आलोइस तोंड पाडून गेला आणि दारातच थबकला. घर कसं, मेच्या मध्यावर असावं तसं होतं. ना गार, ना गरम. बाळ पाळण्यात मुठी वळून झोपलं होतं.

"याला म्हणतात नेमकी ऊब," गिंटर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वीस किलोवॅट. यंत्र कळणाऱ्या माणसाचं काम आहे हे."

"बघू तरी तुझं यंत्र." जेवणानंतर पुरुषांनी एकमेकांचे बॉयलर बघायचे ही आमच्याकडची रीतच.

"आज नको, दाजी. नंतर बघ. केक खा."

आमच्याकडे कुठलाही पुरुष आपला बॉयलर दाखवायला कधीच नाही म्हणत नाही. आलोइस कॉफीचा कप ठेवून गुपचूप तळघरात उतरला. खाली शांत होतं. त्याने गिंटरच्या बॉयलरवर तळवा ठेवला. गारठलेला. दार उघडलं. आत विझलेल्या राखेवर गिंटरची मांजर वेटोळं करून बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

मग त्याने मधल्या भिंतीला, धुराड्याच्या जागी, हात लावला. भिंत भाकरीसारखी तापली होती.

जिन्यावर एक-एक पायरी पाऊल टेकवत गिंटर येत होता. कठडा घट्ट धरलेला.

"कालपासून बंद केलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "गरजच पडेना. आणि हा जिना, दाजी… गुडघ्यांनी हात टेकलेत. रोज चार खेपा. कुणाला सांगितलं नव्हतं." जरा थांबून तो म्हणाला, "ट्रूडाला नको सांगू. सबिनालाही."

आलोइसने छताकडे पाहिलं. वर त्याची नात झोपली होती, त्याच्या कोळशावर, त्याच्या बिशपच्या कृपेने, भिंतीच्या चुकीच्या बाजूला.

"नाही सांगत," तो म्हणाला. "पण ऊब कमी-जास्त झाली तर मला कळणार कसं?"

गिंटरने मधल्या भिंतीकडे पाहिलं, यंत्रघरातल्या घंटेकडे पाहायचा तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलोइस आणि ट्रूडा बनियन आणि उन्हाळी झग्यात, उघड्या खिडकीशी कॉफी घेत होते. बाहेर बर्फ पडत होता. मधल्या भिंतीवर पलीकडून दोन ठोक्यांचं ठक्‌-ठक्‌ झालं.

"दारावर कोण आहे रे?" ट्रूडाने विचारलं.

आलोइस उठला. शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, फावडं उचललं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "बाळाला वर घ्यायचंय."