जर्मन बसली

रामधन राठोडने गाडी घेतली त्या वर्षी कपाशीला बोंडं धरली आणि बोंडांत गुलाबी अळी. अख्खा आर्णी तालुका बोंडं फोडून कपाळाला हात लावत होता, आणि हा गडी पुण्याहून एक जुनी जर्मन गाडी चालवत तांड्यावर आला. पुण्यात तो एका बिल्डरकडे ड्रायव्हर होता. बिल्डर बुडाला आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात गाडी रामधनच्या गळ्यात पडली. चांदीचा रंग, कातडी सीटा, आणि दारं अशी जड की लावली की तिजोरी बंद झाल्यासारखं वाटावं.

त्याच्या बायकोने, मानीबाईने, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर बोटाने टकटक केलं.

"चुलीवरचा जर्मनचा गंज फुटला तं मोडीत तरी जाते," ती म्हणाली. "याले कोन घेईन?"

रामधनला ऐकू येत नव्हतं. या गाडीच्या पोटाखाली स्प्रिंगा नव्हत्या, हवेच्या पिशव्या होत्या. बटण दाबलं की गाडी उठायची, पुन्हा दाबलं की बसायची. पिशव्या जुन्या, हवा सदा थोडी थोडी गळायची. पण पंप चालू असला की कळायचं नाही. आता पंपही म्हातारा. म्हणून त्याने नागपूरच्या भंगार बाजारातून दुसऱ्या कुठल्या जर्मन गाडीचा पंप आणून बसवला, आणि तिथवर गेलोच आहोत म्हणून मोठी चाकं आणि पातळ टायरही. मानीबाईच्या डोक्यावर यंदा पत्र्याऐवजी स्लॅब पडायचा होता, तो त्या चाकांखाली गेला. तिने मग निकाल दिला. तिचा निकाल म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव नव्हे, की केला आणि फाईलीत झोपला. या लग्नसराईत गाडीला एक तरी बुकिंग मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर यवतमाळचा भंगारवाला दारात उभा राहील.

बुकिंग मिळालं. कळंबच्या मारोतरावांना मुलाच्या वरातीसाठी अशी गाडी हवी होती, की सोयऱ्यांचं जेवणात लक्ष लागू नये. रामधनने गाडी धुतली, पुसली, झेंडूच्या माळा चढवल्या. मानीबाईने बॉनेटला हळदकुंकू लावलं.

नेमकं त्याच सकाळी बोंडअळीचं नुकसान पाहायला दिल्लीचं पथक तांड्यावर आलं. पाहायला म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. तलाठ्याने रस्त्याला लागून एक शेत हेरून ठेवलेलं. का, तर तिथे साहेबांच्या बुटाला माती लागत नाही. पांढऱ्या गाड्या थांबल्या. काच खाली झाली, कुणीतरी एक बोंड आत दिलं, फोटो निघाला, काच वर झाली. वर्षभराची राबणूक एवढ्यात पाहून होते, असं ज्यांना वाटतं, मदत कुणाला द्यायची ते नेमकं त्यांनाच विचारतात. तांड्यातली माणसं आपापल्या बांधावर, हातात किडकी बोंडं घेऊन सकाळपासून उभी होती. ती उभीच राहिली. पथकाने गाड्या वळवल्या. यवतमाळला जेवण तयार होतं.

तांड्यातून बाहेर पडायला रस्ता एकच, आणि त्यावर नाल्याचा अरुंद रपटा, बिनकठड्याचा बुटका पूल. पथकाच्या थोडा पुढे रामधन त्या रपट्यावर पोचला. मधोमध पावसाळ्यात उखडलेला खड्डा होता. पातळ टायर त्यात आपटलं आणि पोटाखाली टक् झालं. रामधन थांबून खाली उतरला, वाकून पाहू लागला. इथेच तो चुकला; थांबायचं तर रपटा ओलांडून थांबायचं. पंप बंद पडला होता, पिशव्या गळत होत्या, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाडी आधी मागून बसली, मग पुढून. चाकं मडगार्डात शिरली. रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी ती रपट्यावर ऐसपैस बसली, माळांसकट.

मागून पथकाचे हॉर्न सुरू झाले.

ट्रॅक्टरचा जॅक आणला, तर तो घालायला गाडीखाली जागाच नव्हती. ढकलून पाहिलं, तर ढकलणारे मागे सरकले. मग म्हातारा फुलसिंग आपली बैलजोडी घेऊन आला. त्याच्या बंजारा आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, त्यामुळे बसलेल्या वस्तूचं काय करायचं हे तो कुणाला विचारत नसे. त्याने दोर पुढच्या बंपरला बांधला. रामधन नको नको म्हणेपर्यंत बैल निघाले. बंपरही निघाला. बैल तो ओढत पार पलीकडच्या बाभळीपर्यंत गेले. त्यांना वाटलं, काम झालं.

तेवढ्यात मारोतरावांचा फोन.

"भाऊ, पोट्टा फेटा बांधून बसला हाय. तुमी कुठसा आले?"

"रपट्यावर."

"मंजे निंगाले."

"निंगालो. पन गाडी बसली."

"नवरदेव बसला, गाडी बसली," मारोतराव म्हणाले, "आता मी बी बसतो."

रामधनने पुण्याच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. त्याने फ्यूज पाहायला सांगितलं. पंपाचा फ्यूज जळून काळा झाला होता. तसला जाडा फ्यूज तांड्यात कुणाकडे असणार? रामधनची नजर मागच्या सरकारी गाडीवर गेली. मोठे साहेब आत काचा लावून, एसी लावून बसले होते. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत होता. रामधनने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"एसीचा बसते तुले," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "घे काढून. सकाळपासून मले कोनी पानी बी नाय इचारलं."

फ्यूज इकडून तिकडे गेला. पंप घरघर करू लागला, पण चार रिकाम्या पिशव्या भरायच्या म्हणजे तूरडाळ शिजायचं काम. इकडे सरकारी गाडीत उकाडा वाढला. साहेबांनी आधी काच उघडली, मग कोट काढला, शेवटी स्वतः बाहेर आले. बसलेल्या गाडीभोवती फिरून त्यांनी खाली वाकून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा राग एकदम उतरला.

"हवावाली है?" त्यांनी विचारलं. "मेरे पास भी थी. हर हफ्ते बैठती थी. बेच दी, तब जाके नींद आई."

मानीबाई तिथेच उभी होती. मोडक्या हिंदीत तिने सांगितलं, की गाडी उठेपर्यंत उन्हात उभं राहून काय करता, माझं वावर हे समोरच आहे. साहेबांनी बुटांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर जर्मन होती. ते गेले.

पहिलं बोंड त्यांना मानीबाईने फोडून दाखवलं. दुसरं त्यांनी स्वतः फोडलं. आत गुलाबी अळी आरामात वळवळत होती. तिसरं, चौथं, आणि मग ते तोडतच सुटले, जणू कुठेतरी एखादं धड निघेल. निघालं नाही. तोवर शेजारच्या बांधावरचा माणूस म्हणाला, आता माझंही पाहा. मग त्याच्या पलीकडचा. तलाठी धापा टाकत मागून लिहीत होता. साहेबांची पँट चिखलाने भरली. भूक लागली तेव्हा एका बांधावर बसून त्यांनी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी अर्धी मागून घेतली.

आणि मग जर्मन उठली. आधी पुढून, मग मागून, सुस्कारा टाकत पूर्ण उभी राहिली. रामधनने स्टिअरिंगचा मुका घ्यायचाच बाकी ठेवला. मारोतरावांचा पुन्हा फोन आला. वऱ्हाड्यांत मानपानावरून भांडण जुंपलं होतं, वरात निघायला वेळ होता. अजून आले तर चालेल.

सरकारी ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. पथकातली माणसं हात झटकत गाड्यांकडे वळली. साहेबही घड्याळ पाहत वळले. बांधावर फुलसिंग उभा होता. त्याचं वावर राहिलं होतं, आणि त्यामागची चार-पाच. हातातली बोंडं त्याने खाली टाकली.

मानीबाई गाडीच्या खिडकीशी आली.

"बसवा," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी बसवा. काकाचं वावर रायलं."

"अवं, बुकिंग जाईन. मंग तूच भंगारवाल्याले बोलावशीन."

"बोलावीन तं बोलावीन. तुमी बटन दाबा."

रामधनने तिच्याकडे पाहिलं. पुसून लख्ख केलेल्या काचेकडे पाहिलं. मग बटण दाबलं. जर्मनने लांब श्वास सोडला आणि रपट्यावर बसली. तो खाली उतरला आणि पडेल तोंडाने साहेबांना म्हणाला, "साहब, पंप थक गया."

साहेब त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. बटण दाबल्यावर ही गाडी कशी बसते आणि पंप गेल्यावर कशी, हा फरक तसली गाडी बाळगलेल्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? तलाठी काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

"हाँ," ते म्हणाले. "थकता है." पँट दुमडून घेतली आणि फुलसिंगच्या वावराकडे चालू लागले.

कळंबचा नवरदेव चुलत्याच्या जीपमधून गेला. तांड्यातलं एकही वावर मात्र पंचनाम्यातून सुटलं नाही, आणि असं त्या भागात कधी घडलं नव्हतं. ती बातमी तालुक्याबाहेर गेली. मानीबाईचा निकाल आपल्या जागी होता. लग्नसराई सरली तशी तिने भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, गाडी डोळ्यांनीच तोलू लागला. रामधन घरात भिंतीकडे तोंड करून बसला होता.

त्याच वेळी ढाणकीकडचा एक माणूस मोटरसायकलवरून उतरला. उकंडा त्याचं नाव. म्हणाला, गाडी किरायानं पाहिजे.

"लगन कोनाचं?" मानीबाईने विचारलं.

"लगन नाय, बाई. पुढच्या हप्त्यात आमच्या गावात पथक येऊन राह्यलं. गावाले रस्ता एकच हाय." उकंडाने गाडीकडे आदराने पाहिलं. "तुमची गाडी म्हने रस्त्यातच बसते. तशीच पायजे. चालनाऱ्या आमच्याकडं लय हायत."

मानीबाई भंगारवाल्याकडे वळली.

"तुमी जा, भाऊ," ती म्हणाली. "गाडी बुक हाय."