आधी पाठ दाखवा

मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन वरच्या मजल्यावरच्या आगाशेकाकांकडे गेलो, तर त्यांनी ती उघडलीच नाही. उलटी केली, कडेवरून नख फिरवलं, ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाले, "यंत्राचा कागद. चकाकी वरून चढवलेली." मुलगा कोण, काय करतो, कशाची चौकशी नाही. कार्यालय कुठलं, ते काकूंनीच विचारून घेतलं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत काकांना एकच वेड आहे, ऑस्ट्रियाच्या जुन्या टपाल तिकिटांचं. त्यातही तिकिटावरच्या राजाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. "राजा काय, सगळ्यांवर तोच. आधी पाठ दाखवा!" पाठीवरचा गोंद पिवळट की तपकिरी, कागद हाताने केलेला जाडाभरडा की यंत्रातून आलेला गुळगुळीत, आत रंगीत रेशमाचे तंतू आहेत का, हे बघण्यात त्यांची अख्खी सकाळ जाते. "न वापरलेल्या तिकिटाचा मूळ गोंद गेला, की तिकीट गेलं. उरतं ते चित्र," असं ते दूधवाल्यालाही सांगतात. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी केस काळे केले तेव्हा काका जिन्यातच म्हणाले, "नव्याने गोंद लावलेला दिसतोय."

दमट हवा म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. दारावर पाटी आहे: 'ओले हात, ओली छत्री आणि वाफाळता चहा बाहेर ठेवावा. चहा थंड झाल्यास विचार करू.' पावसाळ्यात घरात ओला रुमालही चालत नाही. काकू बिचाऱ्या बादली घेऊन आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला येतात. मी कधी कीव केली तर हसतात. "अहो, सवत कागदाची आहे. चालतंय."

यंदा मात्र काकांचं आयुष्यभराचं स्वप्न दारात आलं. तिकिटांच्या मोठ्या प्रदर्शनाची निवड ज्यांच्या हाती होती, ते शेवाळेसाहेब संग्रह पाहायला हडपसरहून आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि धीर म्हणून मला शेजारी बसवलं होतं.

शेवाळ्यांनी वहीचं पहिलंच पान उघडलं, चिमट्याने तिकीट उलटं केलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. दुसरं उलटं केलं, तिसरं केलं. "आगाशे, ही न वापरलेली तिकिटं. यांचा गोंद कुठाय?"

तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. "ती होय? ती मी धुतली! लग्न नवीन होतं. मागून किती चिकट आणि पिवळी झाली होती! रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुतली, पैठणीसारखी, आणि पंच्यावर वाळवली. हे आल्यावर बघतच राहिले. म्हणाले, छान केलंस. तेव्हापासून पहिल्या पानावर आहेत."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. शेवाळ्यांनी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले.

"ही बिनगोंदाचीच छापली होती. मागचं पिवळं म्हणजे कुणीतरी नंतर लावलेली खळ."

"काय बोलताय? ऑस्ट्रियाच्या या तिकिटांना गोंद नव्हता? अहो, नवशिक्यालाही माहीत असतं!"

"बिनगोंदाचीच," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

शेवाळ्यांनी वही मिटली. पुढची पानं त्यांनी पाहिलीच नाहीत. आपल्याला गोंदातलं कळतं असं म्हणणाऱ्यांची हल्ली फार गर्दी झाली आहे, एवढं ऐकवून ते निघाले. पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. मला काकांचा हात धरावासा वाटला, पण माझा हात ओला असेल म्हणून धरला नाही.

काकू दार लावून आल्या. "काय माणूस! इतकी स्वच्छ तिकिटं, आणि नाक मुरडतो! त्याला काही कळत तरी असेल का हो?"

काकांनी पहिलं पान पुन्हा उघडलं. तिकिटं एकेक करून सुलटी केली.

"नाहीच कळत," ते म्हणाले. "चहा टाक. आणि गरमच आण, इथे आत."